चुलीपासून विषुववृत्तापर्यंत

१९९९ च्या जानेवारीत ‘सागर कन्या’ हे भारताचं संशोधन-जहाज गोव्याहून निघालं ते हवा मोजायला. एरवी हे जहाज समुद्राचा तळ, पाणी, त्यातली जीवसृष्टी यांच्या अभ्यासासाठी फिरायचं. या खेपेला त्याच्यावर हवा ओढून गाळणाऱ्या नळ्या होत्या, सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणं होती, आणि देशातल्या निरनिराळ्या संस्थांमधून आलेले शास्त्रज्ञ होते. अरबी समुद्रातून दक्षिणेकडे उतरायचं, विषुववृत्त ओलांडून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत होता. या वाटेवर एका ठिकाणी आकाश पालटतं, हे आधीच्या फेऱ्यांमधून कळलं होतं. किनारा मागे टाकून हजार किलोमीटर झाले तरी क्षितिजाची रेघ धूसरच राहते. मग ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा लागतो, आणि तो पार केला की हवा अचानक स्वच्छ होते. हे का घडतं आणि त्या धूसर हवेत नेमकं काय आहे, याचा हिशेब लावायला त्या हिवाळ्यात जहाजं, विमानं, उपग्रह आणि दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ हिंदी महासागरावर जमले होते. मोहिमेचं नाव होतं इंडियन ओशन एक्स्पेरिमेंट, थोडक्यात ‘इंडोएक्स’.

ज्या वाटेने ही हवा समुद्रावर येते ती वाट आपल्याकडे नवी नाही. दिवाळीच्या आसपास वारा फिरतो. पावसाळाभर समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे वारे उलटतात आणि ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. याच वाऱ्यावर कोकण-मलबारची आणि अरबस्तानची गलबतं आफ्रिकेकडे जात, आणि पावसाळी वाऱ्यावर परतत. पश्चिम किनाऱ्याचा हजारो वर्षांचा व्यापार या दोन वाऱ्यांवर उभा राहिला. १६८६ मध्ये एडमंड हॅलीने जगातल्या व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला, त्यातही हे वारे होते. वाऱ्याची वाट सगळ्यांना पाठ होती. त्या वाटेला गलबतांखेरीज आणखी काय लागतं, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

धुळीबद्दल तो आधी विचारला गेला होता. १८३२ च्या जानेवारीत ‘बीगल’ जहाज केप व्हर्दे बेटांवरच्या पोर्टो प्राया बंदरात आलं तेव्हा तरुण चार्ल्स डार्विनला हवा धूसर दिसली आणि जहाजावर बारीक तपकिरी धूळ पडलेली आढळली. त्याने ती गोळा करून बर्लिनच्या एरेनबर्ग या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडे पाठवली आणि १८४६ मध्ये तिच्यावर एक निबंध लिहिला. धूळ आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून येते, हे त्याने ओळखलं होतं. पुढे १९६० च्या दशकात जोसेफ प्रॉस्पेरो या अमेरिकी शास्त्रज्ञाने कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर सहाराच्या धुळीची नियमित मोजणी सुरू केली. वाळवंटाची धूळ अख्खा अटलांटिक ओलांडून जाते, याबद्दल मग शंका उरली नाही.

धुराचं मात्र तसं झालं नाही. धूर म्हणजे शहराचा, कारखान्याचा, फार तर खोऱ्याचा प्रश्न, असाच समज रूढ राहिला. एवढ्या मोठ्या समुद्रावर धूर विरून जाणार, पावसाने धुऊन जाणार, हे इतकं उघड वाटत होतं की ते तपासून पाहावं असं फारसं कोणाच्या मनात आलं नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो विजेच्या अभ्यासातून आला. अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेने १९०९ मध्ये ‘कार्नेगी’ नावाचं एक शिडाचं जहाज बांधलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं म्हणून त्यात लोखंड जवळजवळ वापरलंच नव्हतं. लाकूड, तांबं, कांसं यांवर भागवलं होतं. वीस वर्षं हे जहाज जगभरच्या समुद्रांवर फिरलं आणि चुंबकत्वाबरोबर हवेची विद्युतवाहकताही मोजत राहिलं. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये सामोआतल्या आपिया बंदरात पेट्रोल भरताना त्याचा स्फोट झाला आणि कप्तान ऑल्ट त्यात गेले. नोंदी मात्र वाचल्या.

हवेची विद्युतवाहकता आणि धूर यांचा संबंध साधा आहे. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे समुद्रावरच्या हवेत सतत विद्युतभारित बारीक आयन तयार होत असतात आणि त्यांच्यामुळे हवेतून अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहू शकतो. हवेत धुराचे कण असले की हे आयन त्यांना चिकटतात, जड होतात, आणि वाहकता घटते. म्हणजे स्वच्छ हवेची वाहकता जास्त, मळक्या हवेची कमी. १९७० मध्ये कॉब आणि वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नव्याने मोजणी करून ‘कार्नेगी’च्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहिली. उत्तर अटलांटिकवर वाहकता किमान २० टक्क्यांनी घटली होती. दक्षिण पॅसिफिकवर फरक नव्हता. कारखानदारीचा धूर भर समुद्रापर्यंत पोहोचला होता, आणि त्याची साक्ष अर्धशतकापूर्वीच्या एका जळालेल्या जहाजाच्या वह्या देत होत्या.

हा धागा पुण्यात उचलला गेला. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आयआयटीएम. तिथे वातावरणातल्या विजेवर काम करणारे ए. के. कामरा आणि त्यांचे सहकारी देशपांडे यांनी बंगालच्या उपसागरावर अशीच मोजणी केली. जमिनीवरचं प्रदूषण समुद्रावर दूरवर पसरतं आहे आणि काळानुसार ते वाढलं असावं, असं दाखवणारा त्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ‘इंडोएक्स’च्या पहिल्या सफरीच्याही आधी. या मोहिमेचा इतिहास सांगताना सगळा प्रकाश कॅलिफोर्नियावर पडतो. पाषाणच्या या कामाची आठवण महाराष्ट्रात तरी राहायला हवी.

कॅलिफोर्नियाची बाजूही तितकीच रंजक आहे. वीरभद्रन रामनाथन हे मूळचे तमिळनाडूचे. अण्णामलई विद्यापीठातून इंजिनिअर झाल्यावर त्यांना सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर कारखान्यात नोकरी लागली. फ्रिजमधला वायू गळून का जातो, हे शोधायचं काम होतं. त्यात मन रमेना, म्हणून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि तिथून अमेरिकेला गेले. १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की फ्रिजमधून गळणारा हाच वायू, म्हणजे क्लोरोफ्लोरोकार्बन, हवेत उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट प्रबळ आहे. त्या एका निबंधाने तापमानवाढीचा विचार कार्बन डायऑक्साइडच्या पलीकडे नेला. १९९० च्या दशकात ते सॅन दिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत होते आणि त्यांच्यापुढे उलटा प्रश्न होता. प्रदूषणातले काही कण, विशेषतः कोळशातल्या गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण, सूर्यप्रकाश परतवतात आणि पृथ्वीला थोडं थंड करतात. म्हणजे हरितगृह वायूंमुळे होणाऱ्या तापमानवाढीचा काही भाग झाकला जातो. किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने सगळ्या जगाचं तापमान वर्षभरात सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणलं होतं. त्यामुळे कणांचं बळ किती असतं, हे सगळ्यांनी ताजंताजं पाहिलं होतं.

हे मोजायला हिंदी महासागरासारखी जागा जगात दुसरी नाही. उत्तरेला आशियाची दाट वस्ती, दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत उघडा समुद्र. हिवाळ्यात उत्तरेची हवा ईशान्य वाऱ्यावर खाली उतरते, दक्षिणेची व्यापारी वाऱ्यावर वर येते, आणि विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला दोन्ही समोरासमोर येऊन वर चढतात. तिथे ढग आणि पाऊस होतो. हाच तो मघाचा पट्टा, दोन गोलार्धांच्या हवेमधली सीमा. तिच्या अलीकडे वापरलेली हवा, पलीकडे जवळजवळ कोरी. एकाच जहाजाने, त्याच उपकरणांनी, काही दिवसांच्या अंतराने दोन्ही मोजता येतात.

रामनाथन यांच्या जोडीला पॉल क्रुट्झेन आले. ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी १९९५ चं नोबेल मिळालेले हे डच शास्त्रज्ञ जंगलांच्या, गवताच्या, शेतातल्या वणव्यांचा धूर वातावरणाचं रसायन बदलतो, हे १९७० च्या दशकाच्या शेवटापासून सांगत होते. भारताच्या बाजूने धुरा होती आशेष प्रसाद मित्रा यांच्याकडे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं आणि पुढे सीएसआयआरचं नेतृत्व केलेले मित्रा हे रेडिओ आणि वरच्या वातावरणाच्या अभ्यासातलं मोठं नाव. इस्रोने या कामाला भक्कम पाठबळ दिलं.

१९९६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘सागर कन्या’ची पहिली चाचणी-सफर झाली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे ए. जयरामन आणि त्यांचे सहकारी, आणि त्यांच्यासोबत स्क्रिप्सचे लोक. किनाऱ्याजवळ सूर्यप्रकाश अडवणाऱ्या कणांचं प्रमाण विषुववृत्तापलीकडच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर पोहोचणारं ऊन कमी होतं, हे प्रत्यक्ष मोजणीतून दिसलं. पुढच्या दोन वर्षांतही सफरी झाल्या. १९९८ च्या फेब्रुवारीत मालदीवमधल्या काशीधू या छोट्या बेटावर निरीक्षण केंद्र सुरू झालं. भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे पाचशे किलोमीटर नैर्ऋत्येला नारळाच्या झाडांचं हे बेट, ना कारखाना, ना रहदारी. तिथे जे सापडेल ते दुसरीकडून आलेलं असणार, म्हणूनच ते निवडलं होतं. त्याच वर्षी युरोपीय हवामान-उपग्रह संघटनेने आपला मेटिओसॅट-५ हा उपग्रह हलवून हिंदी महासागरावर आणला.

आणि मग १९९९ चे जानेवारी ते मार्च. मालेजवळच्या विमानतळावरून अमेरिकेचं चार इंजिनांचं सी-१३० विमान उड्डाणं करू लागलं. नेदरलँड्सचं सायटेशन आणि फ्रान्सचं मिस्टेअर ही विमानंही आली. समुद्रावर भारताची ‘सागर कन्या’ आणि अमेरिकेची ‘रोनाल्ड ब्राऊन’. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. काशीधूवर फिल्टर लावून हवा ओढली की त्यावर काजळीचा थर जमायचा. भर समुद्रातल्या बेटावर, जिथून सर्वांत जवळचं मोठं शहरही शेकडो किलोमीटर दूर.

धुरकं समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेलं होतं, आणि त्याखाली जवळजवळ एक कोटी चौरस किलोमीटरचा प्रदेश झाकला गेला होता. भारताच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट. उत्तर हिंदी महासागर, अरबी समुद्राचा मोठा भाग, बंगालचा उपसागर. त्यातल्या कणांचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वाटा माणसाच्या उद्योगांचा होता. सल्फेट, सेंद्रिय कण, नायट्रेट, उडणारी राख, आणि काजळी. बारीक कणांच्या वजनात काजळीचा वाटा दहा टक्क्यांच्या थोडा वर. शोधायला निघाले होते सल्फेट, आणि हाती लागली काजळी.

हे कण इतक्या लांब येतात कसे, याचं उत्तर हिवाळ्याच्या हवेत आहे. या दिवसांत या भागात महिनोन्महिने फारसा पाऊस नसतो, त्यामुळे हवा धुतली जात नाही. वरून खाली बसणारी हवा धुराला वर विखरू देत नाही. दुपारी किनाऱ्यावर समुद्रावरून खारा वारा आत शिरतो, तेव्हा जमिनीवरची गरम, मळकी हवा त्याच्यावर चढते आणि एक ते तीन किलोमीटर उंचीवरून समुद्राकडे वाहत जाते. खाली समुद्राला लागून असलेल्या थंड थरात ती सहज मिसळत नाही. एका आठवड्यात ती विषुववृत्तापर्यंत पोहोचते. मुंबईकराला जानेवारीतल्या सकाळी खिडकीतून दिसणारं धुरकं दुपारी ओसरलेलं दिसतं. ते संपलेलं नसतं, पुढच्या मुक्कामाला निघालेलं असतं.

काजळीमुळे सगळा हिशेब बदलला. सल्फेटचा कण ऊन परतवतो, काजळीचा कण ते गिळतो. उन्हात काळी छत्री धरली तर डोक्याला सावली मिळते, पण छत्रीचं कापड तापतं. समुद्रावर हेच चाललं होतं. स्वच्छ आकाश असताना उत्तर हिंदी महासागराच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २० वॉट ऊन कमी पोहोचत होतं, आणि त्यातला मोठा भाग वरच्या हवेत मुरून ती तापत होती. वातावरणाच्या माथ्यावरून पाहिलं तर एकूण फरक थोडाच दिसतो. एस. के. सतीश आणि रामनाथन यांनी २००० साली हीच गोष्ट ‘नेचर’मध्ये मांडली: माथ्यावरचा परिणाम आणि पृष्ठभागावरचा परिणाम यांच्यात सुमारे तिपटीचा फरक आहे. जो केवळ माथ्यावरचा हिशेब ठेवेल त्याला खाली काय घडतं आहे हे कळणारच नाही. समुद्रावर ऊन कमी म्हणजे बाष्पीभवन कमी, आणि बाष्पीभवन कमी म्हणजे पावसाच्या भांडवलालाच हात. त्याच वर्षी अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की तापलेल्या काजळीमुळे समुद्रावरचे दुपारचे छोटे ढगही विरतात. २००१ च्या फेब्रुवारीत योस लेलिव्हेल्ड आणि सहकाऱ्यांचा एकत्रित निबंध आला. धुराच्या उगमात शेतातल्या जाळपोळीचा आणि विशेषतः सरपण-गोवऱ्यांचा मोठा वाटा आहे, असं त्यात म्हटलं होतं.

इथवर सगळं विज्ञान होतं. २००२ च्या ऑगस्टमध्ये ते राजकारणात शिरलं.

१२ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने लंडनमध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच ‘एशियन ब्राऊन क्लाऊड’ होतं. संस्थेचे प्रमुख क्लाऊस टॉपफर यांनी तो जगापुढे मांडला. दोनच आठवड्यांनी जोहान्सबर्गला शाश्वत विकासाची जागतिक परिषद भरणार होती. आणि भारतात त्या वेळी काय चालू होतं? दुष्काळ. २००२ च्या जुलैत देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला होता. पेरण्या करपल्या होत्या. अशा ऐन वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं की आशियाचा तपकिरी ढग आशियाचाच पाऊस हिरावून घेतो आहे. क्योटो करारातून अमेरिका बाहेर पडून दीड वर्षही झालं नव्हतं. दिल्लीत याचा अर्थ काय लावला गेला असेल, हे सांगायला नको. १९९१ मध्येच अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ या पुस्तिकेत लिहून ठेवलं होतं की गरिबाच्या पोटापुरत्या धुराला आणि श्रीमंताच्या मोटारीच्या धुराला एकाच तागडीत तोलणं हा अन्याय आहे. तो राग पुन्हा उसळला.

पण सर्वांत धारदार उत्तर सरकारकडून आलं नाही, ते शास्त्रज्ञांकडून आलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या ढगातली वस्तुस्थिती आणि कल्पनाविलास यांची फोड केली. सुलोचनाबाई मूळच्या पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि आयुष्यभर मोसमी पावसाचा पाठपुरावा करत राहिल्या. पावसाबद्दल कोणी मोघम बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांचं आणि श्रीनिवासन यांचं म्हणणं असं होतं: मोजणी झाली जानेवारी ते मार्चमध्ये, पाऊस पडतो जून ते सप्टेंबरमध्ये, आणि पावसाळा आला की हे धुरकं धुऊन जातं. ज्या संगणकी प्रारूपांना साधा मोसमी पाऊसही धड दाखवता येत नाही त्यांच्या आधारावर पीक बुडेल असं सांगू नये. आणि असं धुरकं आफ्रिकेवर, अमेरिकेवरही असतं, मग एकट्या आशियाचं नाव कशासाठी?

रामनाथन, क्रुट्झेन, मित्रा आणि पुण्याच्या आयआयटीएमचे माजी संचालक डी. आर. सिक्का यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. मोजलेली गोष्ट आणि प्रारूपातून निघालेली गोष्ट त्यांनी वेगळी करून दाखवली. पुढे प्रकल्पाचं नाव बदलून ‘अ‍ॅटमॉस्फेरिक ब्राऊन क्लाऊड’ झालं. ‘एशियन’ गेलं, इंग्रजी ‘ए’ हे अक्षर राहिलं.

माझ्या मते या वादात दोन्ही बाजूंनी खरं तेच सांगितलं. नाव चुकीचं होतं आणि वेळ त्याहून चुकीची. प्रारूपांवर तेवढा भरवसा टाकायला नको होता, हे सुलोचनाबाईंचं म्हणणं पूर्णपणे रास्त होतं. पण धूर होता, आणि तो आपला होता. नावावरचं भांडण एवढं गाजलं की धुराच्या पहिल्या बळीकडे, म्हणजे चुलीपुढे बसलेल्या बाईकडे, त्या वादात फारसं कोणी वळून पाहिलं नाही. विषुववृत्तापर्यंत पोहोचणारा तोच धूर आधी तिच्या छातीतून जातो.

तिच्याकडे पाहिलं ते पवईत. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन यांच्या गटाने लाकूड, शेतातला काडीकचरा, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जाळून निघणारा धूर गोळा केला आणि त्यातली काजळी मोजली. नुसतं किती जळतं एवढं पुरत नाही. ओलं लाकूड आणि वाळकं, झगझगीत जाळ आणि धुमसणारा, प्रत्येकाचा धूर वेगळा असतो. ते आकडे देशभरच्या सरपणाच्या वापराशी गुणून त्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला की भारतातून निघणाऱ्या काजळीत घरगुती सरपणाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

सगळ्यांना ते पटलं नाही. हवेतल्या कणांची मूलद्रव्यं तपासणारे म्हणत होते की यात डिझेल-कोळशाची खूण ठळक दिसते. उगमावरचा हिशेब एक सांगत होता, हवेतला दुसरा. हा तिढा सुटला तो सिंहगडावर.

पुण्याच्या नैर्ऋत्येला तेराशे मीटरहून उंच असलेल्या या गडावर रविवारी पिठलं-भाकरी खायला अख्खं पुणे लोटतं. तिथेच २००६ च्या हिवाळ्यात आयआयटीएम आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हवा गाळून कण गोळा केले. त्याच सुमारास मालदीवच्या उत्तरेकडच्या हनिमाधू बेटावरही. एक जागा धुराच्या वाटेच्या सुरुवातीला, दुसरी समुद्रापार. दोन्हीकडच्या काजळीतला कार्बन-१४ मोजला. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं, त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. त्याचं अर्धं आयुष्य ५,७३० वर्षांचं. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरलेलाच नसतो. म्हणजे काजळीत कार्बन-१४ जेवढा जास्त, तेवढा लाकूड-गोवऱ्या-काडीकचऱ्याचा हात जास्त. ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांचा निबंध २००९ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये आला: कार्बनी कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश वनस्पतीज इंधनातून आलेले, आणि काजळीपुरतं बोलायचं तर मोजण्याच्या पद्धतीनुसार अर्धे ते दोन तृतीयांश. चूल आणि शेतातली आग, दोन्ही त्यात आल्या. पवईच्या हिशेबाला बळ मिळालं. पण उरलेला तिसरा ते अर्धा हिस्सा ट्रक, कारखाने, वीजकेंद्रं यांचा होता, हेही तितकंच पक्कं झालं. सगळा दोष चुलीवर टाकायला तिथे जागा नाही.

हनिमाधूवरूनच २००६ च्या मार्चमध्ये रामनाथन यांनी तीन छोटी चालकरहित विमानं एकाच वेळी एकावर एक अशी उडवली. एक धुरक्याच्या खाली, एक आत, एक वर. खालच्या हवेचं सूर्यप्रकाशामुळे तापणं या धुरक्यामुळे सुमारे ५० टक्क्यांनी वाढतं, हे त्यांतून प्रत्यक्ष दिसलं. प्रारूपाशिवाय, थेट मोजणीने. २००२ मध्ये ज्या पुराव्याची मागणी झाली होती त्यातला एक मोठा भाग पाच वर्षांनी, २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याच वर्षी मित्रा गेले. क्रुट्झेन २०२१ मध्ये. रामनाथन यांनी पुढे ‘सूर्य’ प्रकल्प हाती घेतला आणि उत्तर भारतातल्या खेड्यांत कमी धुराच्या चुली नेल्या. लहानपणी चुलीपुढे खोकणारी आजी आपण पाहिली आहे, असं ते सांगत आले.

आता थोडं आजचं. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आजवर दहा कोटींहून जास्त गॅसजोडण्या दिल्या गेल्या. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५८.६ टक्केच निघाली. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, तो पुन्हा भरून आणायला पैसे नसतात, आणि परसात गोवऱ्या थापलेल्या असतात. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने आणि रहदारी थांबली तेव्हा हनिमाधूच्या केंद्रावर एक महत्त्वाची गोष्ट नोंदली गेली: ऊन परतवणारे सल्फेटचे कण झपाट्याने घटले, ऊन गिळणारी काजळी त्या मानाने कमी घटली, आणि समुद्रावर जास्त ऊन पडू लागलं. म्हणजे नुसतं कोळशातलं गंधक काढलं आणि काजळी तशीच ठेवली, तर हवा स्वच्छ दिसेल पण तापेल जास्त.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. गंधक काढायलाच हवं, फुप्फुसांसाठी ते अटळ आहे, पण काजळीला त्याच्या मागे ठेवून चालणार नाही. हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, काजळी एखाद्या आठवड्यात खाली बसते. या हिवाळ्यात चुली आणि शेतातल्या आगी विझल्या, डिझेलचा धूर कमी झाला, तर त्याच हिवाळ्यात अरबी समुद्रावरचं ऊन वाढेल आणि वरची हवा निवेल. हवामानबदलाच्या सगळ्या उपायांत इतक्या लवकर फळ देणारा दुसरा उपाय नाही. परवडेल अशा दरात पुन्हा भरून मिळणारा सिलिंडर हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि पहिला हक्क त्या घरातल्या बाईचा आहे.